लाट बघायची तर आधी नकाशा उघडा

एप्रिलमधली सकाळ होती. वारा पडलेला, माडाची झावळीही हलत नव्हती. पुण्याहून मालवणच्या बाजूला राहायला येऊन मला पुरतं वर्षही झालं नव्हतं. पाहुण्यांसाठी घेतलेले दोन कयाक मी पुळणीवर (किनाऱ्यावरच्या वाळूत), भरतीच्या रेषेपासून चार हात वर ठेवले आणि चहाला घरी गेलो. परत आलो तर एक कयाक खडपात आपटून चिरलेला आणि दुसरा पाण्यावर डुलत निघालेला. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला आलेल्या एका वयस्कर काकांनी तो ओढून आणायला मदत केली. जाताना एवढंच म्हणाले, "वारो नाय म्हणान दर्यो निजलो असा समजू नको, बाबा."

वारा होता, पण आमच्याकडे नव्हता. साधारण सहा दिवस आधी तो मॉरिशसच्याही खूप खाली, दक्षिण हिंदी महासागरातल्या एका वादळात घोंघावत होता. तिथे उठलेली लाट सहा हजारांवर किलोमीटर चालून माझ्या कयाकपर्यंत आली. हे मला नंतर हवामानाचे जुने नकाशे चाळताना कळलं, आणि तेव्हापासून सकाळी खिडकीतून आकाश बघायच्या आधी मी नकाशा उघडतो.

किनाऱ्यावर नव्याने राहायला आलेल्या, होमस्टे किंवा छोटी बोट चालवायला घेतलेल्या, पोहायला-सर्फिंगला उतरणाऱ्या माणसांसाठी हे लिहितो आहे. बोट हाकणाऱ्या तांडेलांना यातलं काही सांगायची गरज नाही. आणि एक गोष्ट आधीच: हवामान खात्याचा किंवा बंदराचा इशारा असेल तेव्हा तुमचा-माझा अंदाज खुंटीला टांगायचा.

पायरी पहिली: दाबाच्या रेषा वाचायला शिका

हवामानाच्या नकाशावर वेड्यावाकड्या रेषा असतात. त्या समदाब रेषा, म्हणजे समुद्रसपाटीवर सारखा दाब असलेली ठिकाणं जोडणाऱ्या. दाब हेक्टापास्कलमध्ये मोजतात. जुनी माणसं मिलिबार म्हणतात, आकडा तोच. सरासरी दाब १०१३ च्या आसपास धरतात. सह्याद्रीत भटकलेल्यांना हे लगेच कळेल: गडाच्या नकाशात उंचीच्या रेषा दाटल्या की चढ छातीवर येतो, तसं इथे दाबाच्या रेषा दाटल्या की वारा सुटतो. रेषा विरळ तर वारा मंद.

वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जायला निघतो, पण पृथ्वी फिरत असल्यामुळे वाटेत वळतो. आपल्या गोलार्धात कमी दाबाभोवती तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. यातून एक सोपी युक्ती निघते. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा; कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असतो. जुलैमध्ये पुळणीवर हे करून बघा. वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा, पाठ समुद्राकडे, आणि डावा हात दाखवेल वायव्येला, राजस्थान-सिंधच्या दिशेने. तिथेच उन्हाळाभर तापलेल्या जमिनीवरचा कमी दाब ठाण मांडून बसलेला असतो.

आता वाऱ्यातून लाट. लाटेची उंची तीन गोष्टींवर ठरते: वाऱ्याचा वेग, तो किती तास वाहिला, आणि त्याला किती लांब मोकळं पाणी मिळालं. तलावावर केवढाही वारा सुटला तरी पाणी फार तर शहारतं, कारण लाट वाढायला जागाच नाही. तोच वारा अरबी समुद्रावर हजार किलोमीटर दोन दिवस सलग वाहिला तर चित्र पार बदलतं. पुरेसा वेळ आणि पुरेसं पाणी मिळालं, तर वाऱ्याचा वेग दुप्पट झाल्यावर लाटेची उंची दुप्पट होत नाही, जवळपास चौपट होते. म्हणून नकाशात नुसता 'कमी दाब कुठे आहे' हे बघून भागत नाही. दाटलेल्या रेषांचा पट्टा किती लांब आहे, किती दिवस तसाच आहे आणि त्यातला वारा आपल्या किनाऱ्याकडे तोंड करून आहे की नाही, हे बघायचं. नवखे लोक वादळाच्या मध्यबिंदूवर बोट ठेवतात. लाट मात्र त्या लांब पट्ट्यात तयार होते.

पायरी दुसरी: घरच्या बॅरोमीटरला फसू नका

बऱ्याच मोबाइलमध्ये हल्ली दाब मोजणारा सेन्सर असतो. नवीन माणूस तो अ‍ॅप टाकतो, दुपारी चार वाजता बघतो, सकाळपेक्षा दाब तीन-चार हेक्टापास्कलने उतरलेला दिसतो आणि सगळ्या ग्रुपवर मेसेज जातो: वादळ येतंय!

काही येत नसतं. आपल्या उष्ण कटिबंधात दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. घड्याळ लावावं इतकं हे नियमित. तेव्हा आजच्या चारची तुलना कालच्या चारशी करायची. त्याच वेळेचा दाब चोवीस तासांत तीनेक हेक्टापास्कलने पडला असेल तर मग नकाशा उघडायला हरकत नाही.

नुसत्या आकड्यावरही जाऊ नका. साधारण आठ मीटर वर चढलं की दाब एकाने कमी होतो. तुमचं घर सड्यावर, समुद्रापासून ऐंशी मीटर उंच असेल, तर तुमचा मोबाइल खालच्या बंदरापेक्षा दहा हेक्टापास्कल कमी दाखवेल. तेवढ्यावरून चक्रीवादळाची आवई उठवणारे मी पाहिले आहेत. खोटं कशाला बोलू, पहिल्या वर्षी त्यांत मीही होतो.

पायरी तिसरी: महिना बघा, मग नकाशाचा योग्य कोपरा बघा

सगळ्या कामाचा गाभा हा. कोकणच्या किनाऱ्यावर येणारी लाट वर्षभर एकाच ठिकाणाहून येत नाही. ती कुठे शिजते हे महिन्यावर ठरतं, आणि त्याप्रमाणे नकाशाचा वेगळा कोपरा बघावा लागतो.

*जून ते सप्टेंबर.* इथे दोन टोकं आहेत. एक टोक राजस्थान-सिंधवरचा कमी दाब. दुसरं टोक विषुववृत्ताच्या पलीकडे, मॉरिशस आणि रीयुनियनच्या दक्षिणेला असलेला जास्त दाबाचा डोंगर. तिथल्या बेटांच्या नावावरून त्याला मस्करीन हाय म्हणतात. तिथून निघालेली हवा विषुववृत्त ओलांडते, आफ्रिकेच्या किनाऱ्याला घासून वळते आणि सोमालियाजवळून वाऱ्याचा जोरदार झोत होऊन अरबी समुद्रावर पसरते. ही दोन टोकं जितकी ताणलेली, तितका मोसमी वारा जोरात आणि तितकी आपल्याकडची लाट मोठी. सोमालिया-ओमानच्या समुद्रात उठलेल्या दहा-बारा सेकंदांच्या लाटांना इथे पोचायला अडीच-तीन दिवस लागतात. म्हणून आपल्याकडे वारा जरा पडला, ऊन आलं, तरी दर्या खवळलेलाच दिसतो. तिकडचा माल अजून वाटेत असतो.

यात तिसरा खेळाडू बंगालच्या उपसागरात बसलेला असतो. ओडिशाच्या किनाऱ्याजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि मध्य प्रदेशाकडे सरकू लागलं की ते अरबी समुद्रावरचा वारा आपल्याकडे ओढून घेतं. कोकणात पाऊस वाढतो आणि लाटाही वाढतात. मालवणात उद्या-परवा काय होणार हे बघायला भुवनेश्वरकडे बघायचं, ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मला गंमत वाटली होती. उलट, मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की आपल्याकडे उघडीप पडते, वारा ढिला होतो, पण जुन्या लाटा दोन-तीन दिवस रेंगाळतात. त्या उघडिपीत पर्यटक पाण्यात उतरतात आणि गडबड होते.

नकाशावर मी एक ढोबळ मोजणी करतो. तिरुवनंतपुरमपासून डहाणूपर्यंत पश्चिम किनाऱ्यावरून बोट फिरवायचं आणि दोन-दोन हेक्टापास्कलच्या किती रेषा किनारा ओलांडतात ते मोजायचं. तीनेक म्हणजे नेहमीचा पावसाळा. पाच झाल्या की मी अंगणातल्या खुर्च्याही आत घेतो. हे शास्त्र नव्हे, माझा अनुभव आहे. तुम्ही तुमचा आकडा तुमच्या किनाऱ्यावर जमवा. हवामान खात्याच्या निवेदनात 'किनाऱ्यालगत द्रोणीय स्थिती' असे शब्द दिसले तर तेही टिपून ठेवा. किनाऱ्याला समांतर असा कमी दाबाचा लांबट पट्टा असेल तर पाऊस आणि सोसाट्याचे झोत दोन्ही वाढतात.

नारळी पौर्णिमेला दर्या शांत होतो असं आपण म्हणतो, त्यातही हाच हिशेब आहे. ऑगस्ट सरता सरता वायव्येकडचा कमी दाब भरून येऊ लागतो, ताण सैल होतो, वारा मऊ पडतो. मासेमारीबंदी पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी असते, पण नारळ वाहिल्याशिवाय बोट पाण्यात न घालणारे नाखवे आजही आहेत आणि बहुतेक वर्षी शहाणपण त्यांच्याच बाजूने असतं.

*मे-जून आणि ऑक्टोबर-डिसेंबर.* हे चक्रीवादळांचे दिवस. हवामान खात्याच्या भाषेत वारा ताशी ३१ किलोमीटरच्या पुढे गेला की डिप्रेशन, ६२ च्या पुढे गेला की चक्रीवादळ. पण लाटेसाठी नावापेक्षा वाट महत्त्वाची.

आपल्या गोलार्धात चक्रीवादळाच्या वाटेची उजवी बाजू वाईट. तिथे वादळाचा स्वतःचा पुढे सरकण्याचा वेग वाऱ्यात मिसळतो, आणि वारा लाटांना वादळाबरोबरच पुढे ढकलत नेतो, म्हणून लाट जास्त वेळ वाऱ्याखाली राहते. आता बघा: अरबी समुद्रात दक्षिणेकडून उत्तरेला जाणाऱ्या वादळाची उजवी बाजू कोणती? पूर्व. म्हणजे आपण. मे २०२१ मध्ये तौक्ते कोकणच्या समोरून असंच वर गेलं आणि १७ मेच्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर चढलं. जमिनीला ते लागलं गुजरातेत, पण मुंबईसमोरच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा त्याच वादळाने बुडवला आणि कित्येक माणसं गेली. ३ जून २०२० चं निसर्ग ईशान्येकडे वळून रायगडात अलिबागच्या दक्षिणेला शिरलं. त्याची उजवी बाजू श्रीवर्धन आणि त्याखालचा भाग. मुंबई डाव्या बाजूला राहिली आणि बऱ्यापैकी वाचली. वाटेत पन्नास किलोमीटरचा फरक पडला असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

वादळ जवळ असायलाच हवं असंही नाही. जून २०२३ मधलं बिपरजॉय कोकणापासून शेकडो किलोमीटर बाहेरून गेलं आणि १५ तारखेला कच्छमध्ये जखाऊजवळ धडकलं. त्याच्या चार दिवस आधी गणपतीपुळ्याला लाटा पुळणीवर चढल्या आणि पर्यटकांची तारांबळ उडाली. ऑक्टोबर २०१९ चं क्यार तर कोकणासमोर तयार होऊन ओमानच्या दिशेने निघून गेलं. सुपर सायक्लोन झालं तेव्हा ते आपल्यापासून दूर दूर जात होतं, तरी ऐन दिवाळीत किनाऱ्यावर उधाण होतं. 'वादळ लांब जातंय' या बातमीवर निर्धास्त होऊ नका. वादळ लांब जातं, लाट मागे वळून येते.

दाबाचा एक सरळ परिणामही आहे. हवेचा दाब एक हेक्टापास्कलने कमी झाला की खालचं पाणी साधारण एक सेंटिमीटर फुगतं. वादळाच्या मध्यभागी दाब तीसने कमी असेल तर नुसत्या त्या कारणाने एक फूट पाणी वर. वाऱ्याने रेटलेलं पाणी त्याच्या वर, आणि लाट त्याच्याही वर स्वार.

*नोव्हेंबर ते मार्च.* समुद्र शांत, मासळी भरपूर, होमस्टे भरलेले. लाट बहुतेक वेळा कमरेएवढीही नसते. तरी मधेच एखाद्या दिवशी वायव्येकडून खणखणीत लाटा येतात आणि इथे वारा नसतो. तेव्हा नकाशाचा वरचा डावा कोपरा बघा. इराणी आखात आणि अरबस्तानावरून शमाल नावाचा वायव्य वारा सुटतो. थंड हवेचा जास्त दाब पश्चिमेकडे आणि कमी दाब इराणकडे अशी जोडी जमली की तो दोन-चार दिवस वाहतो. ओमानच्या समुद्रात त्याने उठवलेल्या लाटा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात. उत्तरेकडे तोंड असलेल्या छोट्या पुळणींवर त्या जास्त जाणवतात, एरवी त्याच पुळणी सगळ्यात निवांत असतात.

*फेब्रुवारी ते मे.* शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. सकाळी मतलई, पाणी काचेसारखं. दुपारी जमीन तापते, तिच्यावरचा दाब उतरतो, खारा वारा सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत आखूड, तुटक लाटा उठतात. होडीची फेरी, कयाक, पोहणं, सगळं सकाळी उरकायचं. एवढं पुरे.

दक्षिणेची लाट: हिला वेगळी पायरी हवी

माझा कयाक फोडणारी ही. दक्षिण गोलार्धात ३५-४० अंशांच्या खाली पश्चिमेचे वारे बाराही महिने सुसाट असतात आणि त्यात एकामागून एक खोल कमी दाबाची वादळं पूर्वेकडे धावत असतात. एखाद्या वादळाच्या पश्चिमेला जास्त दाब घट्ट चिकटून बसला तर दोघांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात दक्षिणेकडून उत्तरेकडे जोरदार वारा वाहतो. त्या पट्ट्याचं तोंड आपल्याकडे असतं. तो दोन दिवस टिकला की लाटा निघाल्याच.

वाऱ्याचं क्षेत्र सोडून पुढे चालत येणाऱ्या अशा लाटेला स्वेल म्हणतात. तिचा हिशेब अगदी सोपा आहे. दोन लाटांच्या माथ्यांमधलं अंतर सेकंदात मोजलं की झाला लाटेचा कालावधी. खोल पाण्यात स्वेलचा जथा ताशी किती किलोमीटर चालतो हे काढायला कालावधीला २.८ ने गुणायचं. १८ सेकंदांची लाट ताशी पन्नास, १४ सेकंदांची ताशी चाळीसच्या आत. साडेसहा हजार किलोमीटरवरून पहिली सव्वापाच-साडेपाच दिवसांत येते, दुसरी जवळजवळ सात. म्हणजे लांब कालावधीच्या लाटा आधी येतात, आखूड मागून.

हीच नवशिक्यासाठी सगळ्यात उपयोगी खूण आहे. लाटेची उंची वाढायच्या आधी कालावधी उडी मारतो. काल नऊ सेकंद होता, आज उंची तेवढीच पण कालावधी सतरा-अठरा, तर उद्या उंची वाढणार असं समजा. लाटा मोजणारे तरंगक समुद्रात सोडलेले असतात, एक रत्नागिरीसमोरही आहे. आणि यंत्र नसेल तर स्वतः मोजा: खडकावर फुटणारी एक लाट धरायची, तिला पहिली धरून अकरावी लाट फुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे, दहाने भागायचं.

४ आणि ५ मे २०२४ ला हैदराबादच्या इन्कॉइसने अशाच लाटांचा इशारा दिला होता, मुंबईच्या किनाऱ्यालाही. (समुद्राचा अंदाज देणारी देशाची मुख्य संस्था समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर हैदराबादेत आहे. पण काम चोख करते, त्यामुळे तक्रार नाही.) इशाऱ्यातली उंची होती अर्धा ते दीड मीटर. बरेच लोक हसले: दीड मीटर तर काय! पण लांब कालावधीची दीड मीटरची लाट म्हणजे शेकडो मीटर लांबीचं पाणी एकसंध पुढे येतं. १६ सेकंदांची लाट खोल पाण्यात चारशे मीटर लांब असते. उथळात शिरताना ती उंचावते, फुटल्यावरही थांबत नाही, पुळणीवर वरपर्यंत धावत येते आणि तेवढ्याच जोराने मागे ओढते. मल्याळममध्ये हिला 'कल्लक्कडल' म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. आपल्याकडे हिच्यासाठी तेवढा नेमका शब्द माझ्या कानावर आलेला नाही. तुमच्या गावात असेल तर जुन्या माणसांकडून लिहून घ्या.

पायरी चौथी: अंदाजातले तीन आकडे एकत्र वाचा

आता इन्कॉइसचं पान किंवा विंडीसारखं अ‍ॅप उघडा. आपल्या ठिकाणासाठी तीन आकडे दिसतील: उंची, कालावधी, दिशा.

उंचीच्या आकड्यात मेख आहे. तो सगळ्यात मोठ्या लाटेचा नसतो. येणाऱ्या लाटांपैकी सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. इंग्रजीतून आलेलं नाव सिग्निफिकंट वेव्ह हाइट. ही कल्पना दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचा अंदाज बांधताना स्वेरड्रुप आणि मुंक या दोघांनी रुळवली. अंदाजात दोन मीटर लिहिलं असेल तर काही तासांत एखादी लाट साडेतीन-पावणेचार मीटरची येणार, हे गृहीतच धरा. त्यामुळे खडपावर फोटो काढायला उभं राहण्याआधी दहा मिनिटं लांबून बघायचं, हा नियम मी पाहुण्यांना चावी देतानाच सांगतो. दहातले चार ऐकतात.

लाटेची ताकद उंचीच्या वर्गाबरोबर वाढते आणि कालावधीबरोबरही. दीड मीटर-सहा सेकंद आणि दीड मीटर-सोळा सेकंद या दोन वेगळ्या जाती आहेत. पहिली कयाक ओला करते, दुसरी कयाक नेते.

दिशा वाचताना नवखे हमखास चुकतात. हवामानाच्या भाषेत दिशा म्हणजे 'कुठून', 'कुठे' नव्हे. २२५ अंश म्हणजे नैर्ऋत्येकडून येणारी लाट.

पायरी पाचवी: आता तुमची पुळण

अंदाज खोल पाण्याचा असतो. तुमच्या दारात काय होणार हे किनाऱ्याच्या आकारावर ठरतं, आणि कोकणचा किनारा म्हणजे एक डोंगराचं नाक, मग एक पुळण, मग खाडी, मग परत नाक. समुद्रात घुसलेल्या नाकाडावर लाटा वळून एकवटतात; मधल्या पुळणीवर पसरून मवाळ होतात. उत्तरेला आडोसा असलेल्या पुळणीला शमालची लाट लागत नाही, दक्षिणेला उघड्या पुळणीला दक्षिणेची लाट थेट लागते. तुमची पुळण कुठल्या दिशेला उघडी आहे हे होकायंत्राने एकदा नीट बघून ठेवा.

भरती-ओहोटी विसरलात तर सगळी मेहनत फुकट. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मोठी लाट आली तर पाणी बांधावर येतं; तीच लाट अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत आली तर पुळणीवरच विरते. उत्तरेकडे भरतीचा फरक मोठा, मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. दक्षिणेकडे तो कमी होत जातो.

खाडीच्या तोंडाला ओहोटी सर्वांत वाईट. बाहेर जाणारं पाणी आत येणाऱ्या लाटेला समोरून अडवतं, लाट आखडते, उभी होते आणि तोंडावरच्या वाळूच्या दांड्यावर फुटते. बाहेर समुद्र चालण्यासारखा असूनही खाडीच्या तोंडावर होड्या उलटतात त्या यामुळे. छोटी बोट घेऊन बाहेर पडणाऱ्यांनी परतीची वेळ भरतीची धरावी.

आणि बंदरावरचा बावटा बघा. एक नंबर म्हणजे दूर समुद्रात कमी दाब तयार झाला आहे. तीन नंबर म्हणजे वादळी वाऱ्याचा धोका याच बंदराला आहे. पाच, सहा, सात धोका. आठ, नऊ, दहा महाधोका. अकरा म्हणजे इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला. पावसाळ्यात तीन नंबर इतक्या वेळा लागतो की लोकांची नजर मरते.

थोडं मोठं चित्र, आणि पुण्यातला एक चौक

एखादं अख्खं वर्षच खवळलेलं जातं, एखादं शांत. तेही दाबाच्या मोठ्या झोक्यांवर ठरतं. युरोपातल्या लोकांचा असा झोका अटलांटिकवर आहे: आइसलंडचा कमी दाब आणि अझोर्स बेटांवरचा जास्त दाब. दोघांतला फरक वाढला की स्कॉटलंड-आयर्लंडच्या किनाऱ्यावर हिवाळाभर मोठ्या लाटा. त्या झोक्याला नॉर्थ अटलांटिक ऑसिलेशन हे नाव देणारे गिल्बर्ट वॉकर मात्र आपल्या हवामान खात्याचे प्रमुख होते, १९०४ ते १९२४. मान्सूनचं गणित सोडवायला त्यांनी जगभरचे दाब तपासले आणि पॅसिफिकचा सदर्न ऑसिलेशनही त्यांच्याच हाती लागला. तेव्हा खात्याचं मुख्यालय सिमल्याला होतं. ते १९२८ मध्ये पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिस चौकातून मी वर्षानुवर्षं सिग्नलला शिव्या देत गेलो, त्या नावाचा माझ्या पुळणीशी संबंध आहे हे कोकणात येऊन कळलं.

आपल्याकडचा जवळचा झोका हिंदी महासागरातला डायपोल, म्हणजे या महासागराच्या पश्चिम आणि पूर्व बाजूंच्या पाण्याच्या तापमानातला फरक. पश्चिम बाजू जास्त तापली की तो धन. २०१९ मध्ये तो जोरदार धन बाजूला होता. अरबी समुद्राचं पाणी जास्त तापलेलं होतं आणि त्या वर्षी या समुद्रात पाच चक्रीवादळं झाली, क्यार त्यातलंच. हंगामाच्या सुरुवातीला डायपोलची बातमी वाचायची आणि लक्षात ठेवायची. उद्याच्या लाटेसाठी तिचा उपयोग नाही.

पायरी सहावी: वही

शंभर पानी वही घ्या. रोज सकाळी साडेआठचा नकाशा बघून पाच गोष्टी लिहा: त्याच वेळेचा दाब कालपेक्षा किती, किनाऱ्यावरच्या रेषा किती, अंदाजातली उंची-कालावधी-दिशा, भरतीची वेळ, आणि शेवटी आपल्या डोळ्यांना काय दिसलं. शेवटचा रकाना टाळू नका. बाकीचे चार इंटरनेटवर परत मिळतील, हा मिळणार नाही. 'पाणी माडाच्या पहिल्या रांगेपर्यंत', 'खडप दिसत नाही', 'फेस मातकट', असं काहीही चालेल.

पहिला पावसाळा वही नुसती भरत जाईल, समजणार काही नाही. माझ्या वहीत दुसऱ्या वर्षी एक गोष्ट दिसली. जुलैतल्या तीन मीटरच्या पश्चिमेच्या लाटा माझ्या पुळणीला फारसा त्रास देत नाहीत, कारण समोरचं नाकाड त्या अंगावर घेतं. नैर्ऋत्येपेक्षा आणखी दक्षिणेकडून येणारी, कालावधी चौदाच्या वर असलेली मीटरभराची लाट मात्र थेट आत शिरते, आणि उधाणाची भरती सोबत असेल तर माझ्या कुंपणाला लागते. शेजारच्या पुळणीवर, अर्ध्या किलोमीटरवर, बरोबर उलटं. तिथल्या होमस्टेवाल्या मावशींची वही वेगळी आहे, आणि मे महिन्यात आम्ही एकमेकांना फोन करतो तेव्हा दोघंही आधी कालावधी विचारतो.